तीन मैलांचा कायदा

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकली आहे. म्हण खरी आहे. परंतु पायरी चढावी की न चढावी हे ज्याला ठरविता येते, त्याच्यासाठीच ती आहे. घरातला कर्ता माणूस गेला, त्याच्या नावावर चार पैसे शिल्लक आहेत, आणि पेढीवाला म्हणतो, 'कोर्टाचा कागद आणा', तेव्हा त्याच्या विधवेने शहाणपण कोठे ठेवावे? तिला पायरी चढावीच लागते. कामगार संघटनेच्या कचेरीत आम्ही उभे आयुष्य काढले. संप, बोनस आणि बडतर्फी यांच्या तंट्यांबरोबर हे वारसाचे कागदही तेथे रोज येतात. म्हणून इतिहासावर बोलण्याची आज्ञा होताच आम्ही राजेरजवाडे बाजूला ठेवले आणि या पायरीचाच इतिहास निवडला. पायरी मूळची इंग्लंडातली. तेव्हा आधी तिकडेच जाऊ.

प्रोबेट हा शब्द ऐकून माणूस दबकतो. अर्थ मात्र साधा आहे. मृत्युपत्र खरे आहे आणि त्यात नेमलेल्या माणसाने मिळकत ताब्यात घेऊन वाटणी करावी, असे न्यायालयाने शिक्का मारून सांगणे म्हणजे प्रोबेट. मृत्युपत्रच नसेल तर न्यायालय वारसांपैकी कोणाला तरी व्यवस्थापक नेमते. त्या कागदाला आपण व्यवस्थापत्र म्हणू.

हा शिक्का इंग्लंडात शेकडो वर्षे धर्मपीठाच्या हाती होता. मरणाऱ्याच्या उशाशी धर्मगुरू असे. शेवटची इच्छाही त्याच्याच कानी पडे. त्यामुळे जंगम मिळकतीच्या मृत्युपत्रांचा निवाडा बिशपच्या न्यायालयांत होई. अशी न्यायालये देशभर तीनशेहून अधिक होती. मृताची मिळकत एकाच धर्मप्रांतात असेल तर काम जवळपास होई. दुसऱ्या प्रांतात पाच पौंडांची जरी मिळकत निघाली, तरी प्रकरण थेट आर्चबिशपच्या न्यायालयात जाई. कॉर्नवॉलमधला एखादा खाणकामगार मेला आणि वेल्समध्ये स्वान्सी येथे कोणाकडे त्याचे पाच पौंड येणे निघाले, तर कँटरबरीच्या आर्चबिशपचे न्यायालय गाठावे लागे. आणि ते बसे लंडनमध्ये, सेंट पॉलच्या देवळाजवळ, डॉक्टर्स कॉमन्स नावाच्या वाड्यात. तेथील वकीलही निराळे, त्यांची दरपत्रकेही निराळी. चार्ल्स डिकन्स तरुणपणी तेथे लघुलेखक होता. त्याने पुढे 'डेव्हिड कॉपरफील्ड' या कादंबरीत त्या वाड्याची जी टर उडवली, ती ऐकीव माहितीवर नव्हे, प्रत्यक्ष पाहून.

१८५७ साली पार्लमेंटाने हा अधिकार धर्मपीठाकडून काढून घेतला. ११ जानेवारी १८५८ पासून सरकारी प्रोबेट न्यायालय सुरू झाले. लंडनला मुख्य रजिस्ट्री आणि जिल्ह्यांत सुमारे चाळीस रजिस्ट्र्या उघडल्या. दोनशे पौंडांच्या आतील जंगम आणि तीनशे पौंडांच्या आतील स्थावर असेल, तर त्या मृत्युपत्राविषयीचा तंटा स्थानिक काउंटी कोर्टाने चालवावा, असेही ठरले. ही काउंटी कोर्टे १८४७ पासून लहानसहान देण्याघेण्याचे दावे चालवीत होती. त्यांची संख्या पाचशेच्या आसपास असल्याने ती बाजाराच्या गावागावांतून होती.

येथे सुधारकांनी सुटकेचा श्वास सोडला. पण गरिबाच्या बाजूने हिशेब मांडून पाहा. तंटा असेल तर कोर्ट गावात. तंटा नसेल आणि नुसता शिक्का हवा असेल, तर मात्र रजिस्ट्री गाठायची! कॉर्नवॉलची रजिस्ट्री बॉडमिनला. कथिलाच्या आणि तांब्याच्या खाणी रेडरूथ-कॅम्बोर्नकडे, पंचवीस-तीस मैलांवर. गरिबाच्या घरात बहुधा तंटा नसतोच. भांडण्याइतके असते कोठे? विधवेला हवा असतो तो शिक्का. त्यासाठी एका दिवसाची मजुरी, प्रवासखर्च आणि कागद लिहून देणाऱ्याची फी एवढे सोसायचे, आणि पदरी पडायचे वीस-पंचवीस पौंड. इकडे घरभाडे वसूल करणारा थांबत नाही आणि शवपेटी करणारा सुतारही थांबत नाही.

ही अडचण १८७३ च्या एका छोट्या कायद्याने दूर केली. इतिहासाच्या पुस्तकांत त्याचे नाव क्वचितच सापडेल. आमच्या मते तो मोठ्या लढाईइतक्या मोलाचा आहे. मृत्युपत्र न करता वारलेल्या माणसाची एकूण मिळकत १०० पौंडांच्या आत असेल आणि त्याची विधवा किंवा मुले रजिस्ट्रीपासून तीन मैलांपेक्षा दूर राहत असतील, तर त्यांनी आपल्या भागातील काउंटी कोर्टाच्या रजिस्ट्रारकडे जावे. पुढचे सर्व त्याने करायचे. अर्ज त्यानेच भरायचा, शपथ त्यानेच द्यायची, जामीनकतबा आपल्यासमोर करून घ्यायचा आणि कागद टपालाने रजिस्ट्रीकडे धाडायचे. शिक्कामोर्तब झालेले व्यवस्थापत्र टपालानेच त्याच्याकडे परत येई आणि तो ते बाईच्या हाती देई. मिळकत २० पौंडांपर्यंत असली तर फी पाच शिलिंग. त्यावर दर दहा पौंडांना एक शिलिंग.

श्रोतेहो, यातील मर्म ध्यानी घ्या. वारसाहक्काचा कायदा तसूभरही बदलला नव्हता. मुले असली तर विधवेला तिसरा हिस्सा, हा १६७० चा नियम तसाच होता. बदलले ते इतकेच की लेखणी कोणी धरायची आणि मैल कोणी चालायचे. तोवर दोन्हींचा भार बाईवर होता. आता लेखणी रजिस्ट्रारने धरली आणि मैल टपालखाते चालले. हक्क कागदावर असणे निराळे आणि तो हातात पडणे निराळे. या दोहोंमधले अंतर मैलांत, शिलिंगांत आणि बुडालेल्या रोजात मोजावे लागते. पार्लमेंटाने कायद्यात 'तीन मैल' हे शब्द लिहिले, म्हणजे तेवढ्यापुरते का होईना, त्या बाईच्या पायांनी अंतर मोजले. पुढे १८८१ साली ३०० पौंडांपर्यंतच्या मिळकतींनाही ठराविक शुल्काची सोपी वाट मिळाली.

दुसरी वाट कामगारांनी स्वतः पाडली. तिकडील संघटना सभासदाच्या मृत्यूनंतर अंत्यविधीसाठी रक्कम देत. १८५१ साली स्थापन झालेली इंजिनिअरांची एकवटलेली संघटना यासाठी प्रसिद्ध होती. ही रक्कम घेण्यासाठीही कोर्टात जायचे काय? १८७६ च्या कायद्याने उत्तर दिले की नको. सभासदाने हयातीत संघटनेच्या नोंदलेल्या कचेरीकडे एक सहीची चिठ्ठी द्यावी आणि कोणाचे तरी नाव लिहून ठेवावे. त्याच्या मृत्यूनंतर ५० पौंडांपर्यंतची रक्कम थेट त्या व्यक्तीला मिळे. १८८३ साली ही मर्यादा १०० पौंड झाली. मात्र एक अट होती. संघटनेच्या पदाधिकाऱ्याचे किंवा नोकराचे नाव लिहिता येत नसे, तो जवळचा नातलग असेल तरच चाले. आम्ही स्वतः पदाधिकारी असूनही ही अट आम्हांस रास्त वाटते. मेलेल्याच्या पैशावर जिवंतांचा डोळा असतो, आणि तो मालकाच्याच कपाळी असतो असे नाही.

आता घरी परत येऊ. मुंबईच्या सुप्रीम कोर्टाला १८२३ च्या सनदेने इंग्लंडातील धर्मन्यायालयांचाच अधिकार मिळाला आणि १८६२ पासून तो हायकोर्टाकडे आला. १८७० च्या कायद्याने मुंबई शहरातील हिंदूंच्या मृत्युपत्रांनाही प्रोबेट लागू झाले, आणि १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने ती सक्ती पुढे चालविली. त्यामुळे चाळीतली खोली मुंबईत असली तर प्रोबेटाशिवाय तिच्यावरचा हक्क कोर्टात सिद्ध होत नसे. तेच मृत्युपत्र गावी केलेले असून शेत रत्नागिरीत असले तर ही सक्ती नव्हती. एकाच गिरणीकामगाराच्या दोन बिऱ्हाडांना दोन न्याय! डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने हे २१३ वे कलम रद्द केले आणि ही विषमता संपली. मात्र मृत्युपत्र नसेल, तर बँकेतील पैशासाठी उत्तराधिकार प्रमाणपत्राचा आणि १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखालील वारस दाखल्याचा मार्ग उरतोच.

इकडच्या नामनिर्देशनाविषयी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. इंग्लंडात चिठ्ठीवर ज्याचे नाव, रक्कम त्याची. आपल्याकडे विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली निराळे सांगितले: ज्याचे नाव लिहिले तो पैसे स्वीकारतो, पण हक्क वारसांचाच राहतो. २०१५ पासून मात्र आई-वडील, पती-पत्नी किंवा मुले यांचे नाव लिहिले असेल तर रक्कम त्यांचीच होते; इतरांच्या बाबतीत जुनाच नियम आहे. तेव्हा विम्याच्या कागदावर धाकट्या भावाचे नाव लिहून बायकोमुलांची सोय झाली असे कोणी समजू नये. उलट त्यांच्या वाट्याला भावाशी तंटा येईल. सभासदाने आज घरी जाऊन आपल्या कागदांवर कोणाचे नाव आहे ते पाहावे, आणि घरच्यांना ते कागद कोठे आहेत ते सांगून ठेवावे.

राहिले सरकारचे काम. उत्तराधिकार प्रमाणपत्राचा अधिकार जिल्हा न्यायालयाखालील कोर्टांना देण्याची सोय १९२५ च्या कायद्यात आहे. ती जेथे वापरली जात नसेल, तेथे तिची मागणी आपण करावी. आणि तेवढ्यावर थांबू नये. त्या कोर्टात विधवेचा अर्ज भरून देणारा, पगारी आणि जबाबदार असा एक कारकून बसला पाहिजे. इंग्लंडच्या पार्लमेंटाला ही गोष्ट १८७३ साली सुचली. आपल्याला ती अजून मागून घ्यायची आहे.