टेकडीवरचा चहा आणि नाचणारे पुरुष

आजचा भाग एका शब्दापासून सुरू करतो. नाच्या. तमाशाच्या फडात हे कामाचं नाव होतं, फडाबाहेर मात्र शिवी. आमच्या चाळीत गणपतीत फार सुंदर नाचणारा एक मुलगा होता. त्याला ही हाक मारणाऱ्यांत मीही होतो. म्हणून टेड शॉनची गोष्ट वाचताना मला जरा अवघडल्यासारखंच झालं.

शॉन अमेरिकन, जन्म १८९१ चा. धर्मोपदेशक व्हायचं म्हणून शिकत होता. घटसर्पाने पाय लुळे पडले आणि अंगात बळ यावं म्हणून तो नाच शिकू लागला. पुढे पत्नी रूथ सेंट डेनिस हिच्यासोबत त्याने ‘डेनिशॉन’ ही शाळा काढली. मार्था ग्रॅहम तिथलीच विद्यार्थिनी. १९२६ मध्ये ही मंडळी भारतातही येऊन गेली. त्याच दौऱ्याच्या काळात शॉनने शिवाच्या तांडवावर एक नृत्य बसवलं.

मग मंदी आली. संसार मोडला, शाळा बुडाली. मॅसॅच्युसेट्समधल्या बेकेट गावाजवळ, ‘जेकब्ज पिलो’ नावाचं पडकं शेत तेवढं हाती उरलं. १९३३ मध्ये त्याने पुरुषांचाच नृत्यसंघ उभा केला. त्यात बरेचसे शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजातले खेळाडू. पोरं सकाळी नाचायची, दुपारी सुतारकाम करायची. उन्हाळ्यात लोकांना बोलावून आधी चहापाणी द्यायचं, मग नाच दाखवायचा, असा बेत. चहा नर्तकच वाढायचे! विषयही बघा: शेत, जंगल, समुद्र, कारखाना, म्हणजे कष्टाची कामं. पुरुषाने नाचणं लाजिरवाणं नाही, हे पटवायला त्याला पुरुषी कामांचाच आधार घ्यावा लागला. मला तरी यात जिंकणं आणि हरणं दोन्ही दिसतं.

१९४० मध्ये संघ विसर्जित झाला, पण जागा टिकली. १९४२ मध्ये, ऐन युद्धात, तिथे खास नृत्यासाठी बांधलेलं नाट्यगृह उघडलं. आणि १९६२ मध्ये त्याच टेकडीवर बालसरस्वती नाचल्या. कधीकाळी स्वतः शिव झालेल्या माणसाने आता भरतनाट्यमच्या खऱ्या वारसदाराला रंगमंच दिला होता. ही गोष्ट मला फार आवडते.

शॉन १९७२ मध्ये गेला. महोत्सव उन्हाळ्यात भरत राहिला. उघड्या रंगमंचावर, डोंगर पाठीशी घेऊन, नव्या कलाकारांचे प्रयोग होतात. २०२० मध्ये तिथलं एक नाट्यगृह जळून खाक झालं. २०२५ मध्ये ते पुन्हा उभं राहिलं.

आमच्या चाळीतल्या त्या मुलाने पुढे नाच सोडला. त्याच्यात काही कमी नव्हतं, टेकडी नव्हती. म्हणजे हसणाऱ्यांपासून थोडी दूर, थोडी उंच अशी एखादी जागा. तुमच्या गावात अशी जागा आहे का? असेल तर नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात.