एका मागाचा मागोवा

भिवंडीजवळच्या राहनाळच्या गोदामाला कंटेनर लागला की फोर्कलिफ्ट पुढे येते, पॅलेटखाली दोन दात सरकवते आणि पाच-सहा हमालांचं ओझं एका दमात उचलून रॅकपाशी नेते. अशा कितीतरी फोर्कलिफ्टवर टोयोटाचं नाव असतं. मोटारी बनवणारी टोयोटा ती ही नव्हे; ही तिची आई, टोयोटा इंडस्ट्रीज. फोर्कलिफ्टच्या धंद्यात ती जगात पहिली आहे, पण तिचा जन्म झाला तो भिवंडीला पाठ असलेल्या वस्तूतून. मागातून.

साकिची टोयोडा १८६७ साली एका जपानी खेड्यात सुताराच्या घरी जन्मला. घरातल्या बायका हातमागावर राबताना बघत तो वाढला आणि मागच सुधारायचा ध्यास त्याने घेतला. १८९० मध्ये त्याने लाकडी हातमाग केला, काही वर्षांत यंत्रमाग आणि १९२४ मध्ये ‘जी’ जातीचा स्वयंचलित माग. या मागाचं मोल लूमवर उभं राहिलेल्या माणसालाच कळेल. साध्या मागावर धोट्यातली सुताची कांडी संपली की माग थांबवायचा, धोटा काढायचा, भरलेला धोटा घालायचा, मग पुन्हा सुरू. ‘जी’ मागावर धोटा भर वेगात आपोआप बदलायचा आणि ताण्यातला एक धागा जरी तुटला तरी माग स्वतःच थांबायचा. खराब कापड पुढे विणलंच जायचं नाही. टोयोटाच्या कारखान्यांत चूक दिसताच काम थांबवण्याची जी रीत आहे, ती इथून आली.

या मागासाठी १९२६ मध्ये कंपनी निघाली. १९२९ मध्ये लँकेशायरमधल्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स या माग बनवणाऱ्या इंग्रज कंपनीने त्या मागाचं पेटंट एक लाख पौंडांना घेतलं. ज्या लँकेशायरने जगाला माग विकले, तेच आता जपानकडून शिकत होतं! साकिचीचा मुलगा कीइचिरो मोटारीकडे वळला. १९३३ मध्ये माग-कंपनीतच मोटारीचा विभाग निघाला आणि १९३७ मध्ये त्याची वेगळी कंपनी झाली. पहिली फोर्कलिफ्ट आली १९५६ मध्ये. त्याच्या कितीतरी आधीपासून जपानच्या सूतगिरण्यांना आपलाही कापूस जात होता; मुंबई–कोबे बोट १८९३ मध्ये सुरू झाली, ती जमशेटजी टाटांच्या पुढाकाराने.

भिवंडीत यंत्रमाग आले १९३० च्या दशकात. १९८२ च्या गिरणी संपात मुंबईच्या गिरण्या बसल्या आणि त्यांचं काम इकडे आलं. भिवंडीने मेहनत कमी केली नाही. पण कमाई पुढच्या मागात फार थोडी गेली, साधे लूम वर्षानुवर्षं तसेच खडखडत राहिले. मग जकातीच्या हद्दीबाहेरची जागा, नाशिकचा महामार्ग आणि न्हावाशेवा बंदर यांच्या जोरावर राहनाळ, पूर्णा, काल्हेर, वळ या गावांत गोदामं उभी राहिली. मागापासून गोदामापर्यंत आपणही आलो आणि टोयोटा इंडस्ट्रीजही आली. फरक एवढाच की ती यंत्र बनवत आली, आपण जागा भाड्याने देत आलो. हे मला मनापासून सलतं.

आता टोयोटा इंडस्ट्रीजची शेअरबाजारातली बाजू. टोकियोत तिचा शेअर १९४९ मध्ये आला. युद्धानंतर जपानी कंपन्यांनी एकमेकींचे शेअर धरून ठेवले, म्हणजे बाहेरचा कोणी शिरायला नको. माग-कंपनीकडे मोटार-कंपनीचे शेअर, मोटार-कंपनीकडे तिचे. त्यात भांडवल अडकून पडलं. मार्च २०२३ मध्ये टोकियो एक्स्चेंजने कंपन्यांना सांगितलं की भांडवलाचा खर्च आणि शेअरचा भाव यांकडे लक्ष द्या. तेव्हापासून ही गाठ अधिक वेगाने सुटू लागली. फेब्रुवारी २०२४ मध्ये जपानच्या निक्केई निर्देशांकाने १९८९ चा उच्चांक मागे टाकला. जून २०२५ मध्ये टोयोटा समूहाने माग-कंपनी बाजारातून विकत घेण्यासाठी शेअरला १६,३०० येन देऊ केले. ते त्या दिवशीच्या बाजारभावाहूनही कमी होते! छोट्या भागधारकांवर हा अन्याय आहे, असं मोठ्या फंडांनी उघड म्हटलं. जानेवारी २०२६ मध्ये देकार १८,८०० येनवर न्यावा लागला.

जपानच्या फंडात पैसे घालणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. कंपनीचा नफा बघाच, पण तिच्या तिजोरीत दुसऱ्या कोणाचे शेअर किती वर्षं पडून आहेत, ते आधी बघा.