अवशिष्ट क्लोरीनचे पूर्वानुमान

जलशुद्धीकरण केंद्रात पाण्यात मिसळलेल्या क्लोरीनपैकी शेवटच्या नळापर्यंत किती शिल्लक राहील, हे गणिती मॉडेलने आधी काढून मात्रा ठरवण्याची पद्धत. भारतीय मानक आयएस १०५०० (२०१२) नुसार पिण्याच्या पाण्यात किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर मुक्त अवशिष्ट क्लोरीन लागते. ते त्याखाली गेले, तर वाटेत शिरणाऱ्या जंतूंना अडवायला काही उरत नाही. उलट मात्रा वाढवली की पाण्याला वास येतो आणि त्यातील सेंद्रिय द्रव्यांपासून ट्रायहॅलोमिथेने ही अपायकारक संयुगे बनतात. रॉटरडॅम येथील योहानेस रूक यांनी १९७४ मध्ये ही निर्मिती दाखवून दिली.

क्लोरीन पाण्यातील सेंद्रिय द्रव्य, लोह व अमोनिया यांवर खर्च होते, तसेच नळाच्या आतील गंजावर आणि जैविक थरावरही. पहिला खर्च प्रयोगशाळेत मोजता येतो: केंद्रातले पाणी गडद बाटल्यांत भरून अंधारात ठेवतात आणि ठरावीक तासांनी एकेक बाटली तपासतात. नळाच्या भिंतीवरचा खर्च मात्र जागोजागच्या नोंदींशी मॉडेल जुळवूनच काढावा लागतो. जुन्या बिडाच्या नळांत तो बराच, पीव्हीसीत अगदी कमी असतो.

सर्वांत साध्या सूत्रात घटीचा वेग शिल्लक क्लोरीनच्या प्रमाणात धरतात. या प्रमाणाचा स्थिरांक, म्हणजे घटांक, ताशी ०.०५ असेल, तर १ मिलिग्रॅमचे २४ तासांनी ०.३० आणि ३६ तासांनी जेमतेम ०.१७ उरते. उन्हाळ्यात पाणी तापून घटांक दुप्पट झाला, तर ०.२ ची सीमा १६ तासांतच गाठली जाते. त्यामुळे खरा कळीचा आकडा पाण्याचे वय, म्हणजे केंद्रातून निघाल्यापासूनचा वेळ, हाच. रात्रभर जलकुंभात पडून राहिलेले पाणी सर्वांत धोक्याचे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९३ मध्ये काढलेली ईपॅनेट ही विनामूल्य संगणकप्रणाली प्रत्येक नळातील प्रवाह, पाण्याचे वय व क्लोरीन एकत्र गणिताने काढते. केंद्रात मात्रा वाढवावी की दूरच्या जलकुंभावर थोडे क्लोरीन पुन्हा द्यावे, हे त्यातून आधीच पडताळता येते. लांबच लांब जाळ्यांत बहुधा दुसरा उपायच बरा ठरतो.

संवेदकांच्या सततच्या नोंदींवर शिकवलेली कृत्रिम चेताजालेही आता पुढील काही तासांचे अंदाज देतात. मात्र पूर्वी न पाहिलेल्या स्थितीत, उदाहरणार्थ पहिल्या पुराच्या गढूळ पाण्यात, ती फसू शकतात.

बहुतेक भारतीय शहरांत दिवसातून काही तासच पाणी सुटते. मधल्या वेळी नळ रिकामे होतात, गळतीतून बाहेरचे पाणी आत ओढले जाते आणि नळ सदैव भरलेले असतात हे मॉडेलचे गृहीतक मोडते. अशा ठिकाणी टोकाच्या नळावरील क्लोरीनची रोजची ओटी (ऑर्थोटोलिडिन) चाचणी मॉडेलसोबत चालूच ठेवावी लागते.