झाडीपट्टीतील गाणारी मंडळी

वैनगंगा उत्तरवाहिनी होते त्या मार्कंड्याच्या शिल्पवैभवाची नोंद पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमने एकोणिसाव्या शतकातच घेतली. परंतु त्याच मुलखातील, म्हणजे पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतील, दंडार आणि खडीगंमत या गानप्रधान कलांना तितका मान लाभला नाही. ढोलकी-टाळांच्या साथीने उभ्याने गाणाऱ्या या मंडळींच्या परंपरेशी निकटचे नाते सांगणारी झाडीपट्टी रंगभूमी पुढे वडशास केंद्रस्थ झाली. तेथील नाटक कंपन्यांच्या कचेऱ्यांत गावोगावचे पुढारी विसार देऊन तारखा मुक्रर करतात, आणि दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेपासून शंकरपटांच्या, म्हणजे बैलशर्यतींच्या, हंगामापर्यंत रात्रभर प्रयोग चालतात. नायिका अश्रू ढाळीत असतानाच मध्येच लावणी यावी, 'वन्समोअर'चा गजर व्हावा, आणि खुशालीच्या नोटा स्वीकारून नायिकेने पुन्हा रडू लागावे, यावर शहरी समीक्षक नाक मुरडतो. मला तर त्यात प्रेक्षकाची निर्विवाद हुकमत दिसते. पद गाजले की नाटक चालले, हा येथील रोखठोक हिशेब! या रंगभूमीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री जाहीर झाली; शासनदरबारी ही दाद जरा उशिराच पोहोचली म्हणावयाची.