'अष्टपैलू' या शब्दाचे काय करायचे? : एकनाथ सोलकर आणि जागेचा प्रश्न

मराठीत 'अष्टपैलू' हे विशेषण आपण फार उदारपणे वापरतो. आचार्य अत्रे कवी, नाटककार, पत्रकार, वक्ते आणि चित्रपटकार होते, म्हणून ते अष्टपैलू. एखादा खेळाडू फलंदाजी आणि गोलंदाजी दोन्ही करतो, म्हणून तोही अष्टपैलू. हा शब्द रत्नपारख्याच्या दुकानातून आलेला आहे. हिऱ्याला पैलू पाडले जातात आणि त्या प्रत्येक पैलूतून प्रकाश बाहेर पडतो, ही त्यामागची कल्पना. पण हिरा एका कोंदणात बसलेला असतो. माणूस मात्र कधी या कोंदणात, कधी त्या कोंदणात बसवला जातो. तेव्हा अनेक कामे करता येणे आणि अनेक कामांना लावले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत काय, आणि असतील तर त्यांचा कर्तृत्वावर काय परिणाम होतो, हा प्रश्न उपस्थित होतो. साहित्याच्या इतिहासात तो सोडवणे अवघड आहे, कारण तिथे मोजमाप नाही. खेळात निदान आकडे तरी आहेत. म्हणून प्रस्तुत लेखात एकनाथ सोलकर या क्रिकेटपटूच्या निमित्ताने या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

सुरुवातीला एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. १९७१ साली भारताने वेस्ट इंडीज आणि इंग्लंड या दोन्ही देशांत जाऊन कसोटी मालिका जिंकल्या, तेव्हा मुंबईचे दूरदर्शन केंद्रही सुरू झाले नव्हते. ते ऑक्टोबर १९७२ मध्ये सुरू झाले. परभणी जिल्ह्यातल्या आमच्या सेलूसारख्या गावापर्यंत हे विजय पोहोचले ते आकाशवाणीवरून आणि वर्तमानपत्रातल्या धावफलकावरून. म्हणजे इथल्या क्रिकेटप्रेमी पिढीसाठी सोलकर हा आधी एक मजकूर होता. धावफलक ही एक संहिताच आहे आणि प्रत्येक संहितेप्रमाणे तीही काही सांगते, काही गाळते. 'नॉट झे. सोलकर गो. वेंकटराघवन १' या ओळीत फलंदाज आहे, गोलंदाज आहे, झेल घेणारा आहे आणि धाव आहे. झेल घेणारा कुठे उभा होता, हे त्या ओळीत नाही. या लेखाचा विषय नेमका तोच गाळलेला तपशील आहे.

सोलकरचा जन्म १८ मार्च १९४८ रोजी मुंबईत झाला. वडील धोंडू सोलकर हे मरीन ड्राइव्हवरील परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याच्या मैदानाची देखभाल करीत. कुटुंबाचे बिऱ्हाड जिमखान्याच्या आवारातच एका खोलीत होते. लहानपणी एकनाथ तिथल्या सामन्यांत धावफलकावरचे आकडे बदलण्याचे काम करीत असे. मैदानावर त्याची पहिली जागा ही अशी सीमारेषेबाहेरची होती. पुढे १९६५-६६ मध्ये लंडनच्या शालेय संघाविरुद्ध खेळलेल्या भारतीय शालेय संघाचा तो कर्णधार झाला. त्या संघात सुनील गावसकर आणि मोहिंदर अमरनाथ होते. ऑक्टोबर १९६९ मध्ये हैदराबाद येथे न्यूझीलंडविरुद्ध त्याने कसोटी पदार्पण केले.

या जिमखान्याच्या संदर्भात आणखी एक नाव आठवणे अपरिहार्य आहे, ते पळवणकर बाळू यांचे. चांभार समाजात जन्मलेले बाळू पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात मैदानाची कामे करीत. तिथल्या इंग्रज फलंदाजांना त्यांनी सरावासाठी तासन्तास गोलंदाजी केली. त्यांच्या हाती बॅट मात्र दिली गेली नाही. पुढे ते याच हिंदू जिमखान्याकडून खेळले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्याकडे आले नाही. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना ते १९२३ मध्ये मिळाले. बाळूंच्या उदाहरणात जागा वरून ठरवून दिलेली आहे. तू चेंडू टाकायचा, बॅट धरायची नाही आणि हुकूम तर सोडायचाच नाही. अष्टपैलू असण्यासाठी आधी अनेक जागा खुल्या असाव्या लागतात, ही साधी गोष्ट हा इतिहास शिकवतो. सोलकरच्या काळापर्यंत मैदानातल्या सगळ्या जागा खुल्या झाल्या होत्या. आता प्रश्न वेगळा होता : यातली आपली जागा कोणती?

कागदावर पाहिले तर सोलकरची कारकीर्द मध्यम प्रतीची वाटते. २७ कसोटी सामने, १०६८ धावा, सरासरी २५.४२, एक शतक. १८ बळी, तेही जवळपास ५९ च्या सरासरीने. या आकड्यांवरून कोणी त्याला थोर फलंदाज म्हणणार नाही आणि गोलंदाज तर नाहीच. परंतु या धावा आणि हे बळी कोणत्या जागेवरून आले, हे पाहिल्याशिवाय आकड्यांचा अर्थ लागत नाही.

प्रथम गोलंदाजी पाहू. त्या काळात भारताकडे खऱ्या अर्थाने वेगवान गोलंदाज नव्हता. बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर आणि वेंकटराघवन ही फिरकी चौकडी हेच मुख्य अस्त्र होते. त्यामुळे नव्या चेंडूने सुरुवात करणाऱ्याचे काम बळी घेणे हे नसून चेंडूची लकाकी घालवून तो फिरकीपटूंच्या हाती सोपवणे हे होते. आबिद अली आणि सोलकर यांनी हे काम वर्षानुवर्षे केले. सोलकर डाव्या हाताने मध्यमगती मारा करी आणि गरज पडल्यास फिरकीही टाकी. ज्याने बळी घ्यावेत अशी अपेक्षाच नाही त्याची बळींची सरासरी वाईट असणार, यात नवल काय? आणि तरीही ऑगस्ट १९७१ मध्ये ओव्हलवर इंग्लंडच्या पहिल्या डावात त्याने २८ धावांत ३ बळी घेतले. १९७४ च्या इंग्लंड दौऱ्यात जेफ्री बॉयकॉटसारखा चिवट सलामीवीर याच साध्या दिसणाऱ्या माऱ्यापुढे पुन्हा पुन्हा अडखळला.

फलंदाजीचेही तसेच आहे. १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात किंग्स्टनच्या पहिल्या कसोटीत भारताची अवस्था ५ बाद ७५ अशी होती. तिथून दिलीप सरदेसाई (२१२) आणि सोलकर (६१) यांनी सहाव्या गड्यासाठी १३७ धावा जोडल्या. भारताने ३८७ धावा केल्या आणि वेस्ट इंडीजवर फॉलोऑनची नामुष्की आली. पोर्ट ऑफ स्पेनला भारताने वेस्ट इंडीजविरुद्धचा आपला पहिला कसोटी विजय मिळवला, त्यातही सोलकरच्या ५५ धावा आणि सहा झेल होते. ब्रिजटाउनला ६ बाद ७० अशा स्थितीतून याच जोडीने सातव्या गड्यासाठी १८६ धावांची भर घातली. १९७४ मध्ये लॉर्ड्सवर संपूर्ण संघ ४२ धावांत गारद झाला. त्यात सर्वाधिक धावा सोलकरच्या, नाबाद १८. पडझड झाल्यावर येणाऱ्या फलंदाजाला मोठी धावसंख्या उभारायला सोबतीच उरत नाहीत. एकमेव शतक (१०२) जानेवारी १९७५ मध्ये वानखेडे मैदानावरच्या पहिल्या कसोटीत वेस्ट इंडीजविरुद्ध आले.

म्हणजे चेंडूने आणि बॅटने सोलकरने जे केले ते बहुतांशी संघातली भगदाडे बुजवण्याचे काम होते. सोय म्हणून वापरल्या जाणाऱ्या माणसाला आपण कौतुकाने अष्टपैलू म्हणतो आणि त्याला स्वतःची जागा नाही, हे त्या कौतुकाखाली झाकले जाते.

परंतु सोलकरला एक जागा होती, आणि तिच्यामुळेच त्याचे उदाहरण इतरांहून वेगळे ठरते. ती जागा म्हणजे फॉरवर्ड शॉर्ट लेग. फलंदाजाच्या पायाच्या बाजूला, थोडे पुढे, बॅटपासून दोन-तीन पावलांवर वाकून उभे राहायचे. फिरकी चेंडू बॅटची कड घेऊन पॅडवर आदळतो आणि क्षणभर हवेत उडतो. तो क्षण पकडायचा. फलंदाजाने जोरात फटका मारला तर चेंडू थेट अंगावर येणार. हेल्मेटचा वापर कसोटी क्रिकेटमध्ये सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सुरू झाला. सोलकरची शेवटची कसोटी त्याआधीच होऊन गेली होती. तो उघड्या डोक्याने उभा राहिला. या जागेवर धैर्य तर लागतेच, पण त्याहून अधिक लागते ती स्थिरता. फलंदाजाची हालचाल पाहून जो आधीच मागे सरतो किंवा उठतो, त्याच्या पायाशी झेल पडतो. शेवटपर्यंत खाली राहायचे आणि नजर चेंडूवरून हलू द्यायची नाही.

ओव्हलच्या त्याच सामन्यातल्या दुसऱ्या डावाचा दाखला घेऊ. पहिल्या डावात इंग्लंडकडे ७१ धावांची आघाडी होती. दुसऱ्या डावात चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेऊन इंग्लंडला १०१ मध्ये गुंडाळले आणि भारताने तो सामना चार गडी राखून जिंकला. इंग्लंडच्या भूमीवरचा हा पहिला कसोटी विजय. या डावात फ्लेचर शून्यावर बाद झाला तो सोलकरच्या हाती झेल देऊन. त्यानंतर अॅलन नॉट आला. पहिल्या डावात त्याने ९० धावा केल्या होत्या, तेव्हा तो टिकला असता तर चित्र पालटले असते. वेंकटराघवनचा चेंडू त्याने बचावात्मक खेळला आणि सोलकरने पुढे झेपावून जमिनीलगत तो झेलला. हा झेल छायाचित्राच्या रूपाने आजही पाहायला मिळतो. पुढे १९७२-७३ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या पाच कसोटींत त्याने १२ झेल घेतले. जानेवारी १९७७ मधल्या शेवटच्या कसोटीपर्यंत २७ सामन्यांत ५३ झेल, म्हणजे दर सामन्याला जवळपास दोन. यष्टिरक्षक नसलेल्या, वीसहून अधिक कसोटी खेळलेल्यांत हे प्रमाण अपवादात्मक आहे.

इथे दोन गोष्टी नोंदवायला हव्यात. एक म्हणजे, ही जागा एकट्याची नव्हती. बेदी-प्रसन्नांसारखे फिरकीपटू नसते तर शॉर्ट लेगला एवढे झेल आलेच नसते. आणि सोलकर तिथे नसता तर त्यांच्या अनेक उत्तम चेंडूंचे बळींत रूपांतर झाले नसते. कर्तृत्व हे व्यक्तीत असते तितकेच ते दोन जागांमधल्या नात्यात असते. दुसरी गोष्ट धावफलकाच्या मर्यादेची. सोलकर जवळ उभा आहे म्हणून एखादा फलंदाज पाय पुढे टाकायला कचरला आणि दुसऱ्याच कुणाच्या हाती झेल देऊन गेला, तर त्याचे श्रेय सोलकरच्या खात्यावर कुठेही जमा होत नाही.

हे क्रिकेटपुरतेच नाही. आपल्या मराठवाड्यात सर्वांच्या परिचयाच्या कबड्डीत कोपरारक्षकाचे काम घोट्यावरची पकड साधणे, तर मध्यरक्षकाचे काम चढाईपटूला अडवणे किंवा धडक देऊन बाहेर काढणे. दोघेही बचावपटूच, पण उत्तम कोपरारक्षकाला मधे आणले की त्याची निम्मी ताकद जाते, हे कोणताही जाणता प्रशिक्षक सांगेल. अमेरिकन फुटबॉलमध्ये बचावफळीच्या सर्वांत मागे उभ्या राहणाऱ्या 'सेफ्टी' या खेळाडूबाबतही असेच आहे. त्याला पुढे आणले तर त्याच्या नावावर पकडी जास्त लागतात, मागे ठेवले तर हवेतला चेंडू अडवण्याची संधी मिळते. आकडे बदलले म्हणून माणूस बदलला असे होत नाही.

याच्या उलट बाजूही पाहायला हवी, नाहीतर 'एकच जागा धरून ठेवा' असा सोपा उपदेश हाती येईल. सोलकरनंतरच्या पिढीत मुंबईच्याच रवी शास्त्रीने फेब्रुवारी १९८१ मध्ये वेलिंग्टनला पदार्पण केले ते फिरकी गोलंदाज म्हणून, फलंदाजीत दहाव्या क्रमांकावर. दोनच वर्षांत कराचीला त्याने सलामीला येऊन १२८ धावा केल्या आणि जानेवारी १९९२ मध्ये सिडनीला सलामीवीर म्हणूनच २०६. त्याच्याआधी विनू मंकड कसोटीत पहिल्यापासून अकराव्यापर्यंत सर्व क्रमांकांवर खेळले आणि जानेवारी १९५६ मध्ये पंकज रॉय यांच्यासह सलामीला ४१३ धावांची भागी रचली. शास्त्रीच्या बाबतीत जागा बदलणे ही चढण होती. प्रत्येक नवी जागा आधीच्या जागेपेक्षा अधिक अधिकाराची होती. सोलकरची फिरती संघाच्या गरजेनुसार आडवी होती. तेव्हा फरक जागा बदलण्या-न बदलण्यात नाही. बदलातून खेळाडू वाढतो आहे की केवळ खर्च होतो आहे, हा खरा निकष आहे.

या निकषावर सोलकरचे मूल्यमापन कसे करावे? त्याच्या फलंदाजीला एक पक्का क्रमांक मिळाला असता तर काय झाले असते, ही चर्चा निष्फळ आहे. पण एवढे म्हणता येईल की त्याच्या बहुविधतेने संघ तरला आणि त्याच्या एका स्थिर जागेने तो स्वतः इतिहासात राहिला. २६ जून २००५ रोजी वयाच्या ५७ व्या वर्षी मुंबईत त्याचे निधन झाले, तेव्हाही सर्वांना आठवला तो शॉर्ट लेगचा सोलकर.

साहित्याच्या अभ्यासकांना यातून काही घेण्यासारखे आहे असे आम्हांस वाटते. वाङ्मयेतिहासाच्या पुस्तकांत आपण 'अष्टपैलू साहित्यिक' असे लिहून पुढे जातो. त्या लेखकाने स्तंभ पोटासाठी लिहिले की ओढीने, नाटके कंपनीच्या गरजेतून आली की स्वतःच्या, आणि या सगळ्या धावपळीत त्याने ज्या एका जागी पाय रोवले ती कोणती, हे विचारत नाही. विद्यार्थ्यांना लेखकाच्या नावापुढे कवी, कथाकार, नाटककार अशी यादी पाठ करायला लावण्याऐवजी हे प्रश्न विचारायला लावले, तर 'अष्टपैलू' या शब्दाला पुन्हा काही अर्थ येईल.