आमरी आणि काचघर

माया फार झाली तरी झाड मरते, हे मला आमरीने शिकवले. आमरी म्हणजे ऑर्किड. खिडकीतल्या कुंडीला मी दोन्ही वेळा पाणी घालीत असे आणि वारा बाधू नये म्हणून तावदान लावून घेत असे. दोन महिन्यांत मुळे कुजली. पुढे इतिहास चाळताना कळले की, एके काळी अवघी विलायत हीच चूक करीत होती.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिकडच्या श्रीमंतांना आमरीचे वेड लागले. उष्ण देशातले झाड, तेव्हा त्याला ऊब हवी, असा सरळ हिशेब मांडून माळ्यांनी काचघरे तापवली आणि वाफेने कोंदून टाकली. जॉन लिंडले यांच्यासारख्या जाणत्या वनस्पतिशास्त्रज्ञांनीही १८३० साली भरपूर उष्णता, दाट सावली आणि अतिशय दमट हवा यांचीच शिफारस केली. जहाजांतून झाडे येत आणि गुदमरून मरत. चॅट्सवर्थच्या जोसेफ पॅक्स्टनसारख्या एखाद्यानेच हवा खेळती ठेवून त्यांना फुलवले.

१८५० साली जोसेफ हूकर खासी टेकड्यांत, म्हणजे आजच्या मेघालयात, हिंडत होते. तीनचार हजार फुटांवर, खुरट्या ओक वृक्षांवर निळी वांदा वाऱ्याने डुलत होती. मुळे कोरड्या सालीवर मोकळी पसरलेली. ऊन, पाऊस, वारा थेट अंगावर. पावसाळ्यात हवा ओली, पण कोंदट कधीच नाही. हिवाळ्यात तर जमिनीवर दव गोठे. माळी तिला ज्या ज्या गोष्टींपासून जपत, त्यांवरच ती जगत होती! हूकरांनी १८५४ च्या आपल्या प्रवासग्रंथात हे स्वच्छ लिहून ठेवले.

परंतु त्याच हूकरांनी लंडनजवळच्या क्यू उद्यानासाठी सात माणसांची ओझी भरतील इतकी वांदा काढून पाठवली. त्यांतली थोडीच जिवंत पोचली. दुसऱ्या एका गृहस्थाने पाठवलेले एकच ओझे, मरगळलेले असूनही, तीनशे पौंडांना विकले गेले. असा भाव फुटल्यावर टेकड्या ओरबाडल्या जाणारच. आज निळी वांदा भारताच्या वन्यजीव कायद्याच्या आश्रयाला आहे.

यंदा मी रोपवाटिकेत वाढलेली साधी आमरी आणली. कुंडीत मातीऐवजी सालीचे तुकडे घातले. सकाळचे कोवळे ऊन तिला मिळते. साल सुकत आली की पाणी घालतो आणि ते पुरते निथळू देतो. कोजागरीनंतर रात्री गार झाल्या, तशी पानाच्या बगलेतून हिरवी दांडी डोकावली. फुलांना अजून दोनतीन महिने आहेत. तावदान मात्र उघडे ठेवले आहे.