चंद्राच्या दारातला तिसरा

कुठल्याही सहलीत एक माणूस सामानापाशी बसलेला असतो. बाकीची मंडळी देवदर्शनाला, गड चढायला, नाही तर नुसतेच 'पाय मोकळे करून येतो' म्हणून निघून जातात आणि हा वळकट्या, फिरकीचा तांब्या, कुणाचं तरी झोपलेलं पोर आणि सगळ्यांच्या चपला राखत बसतो. पुढे सहलीच्या गप्पा निघाल्या, की मूर्ती किती प्रसन्न होती हे जो तो सांगतो. सामान जागच्या जागी होतं, हे कुणीच सांगत नाही. माझी सहानुभूती पहिल्यापासून या माणसाकडे आहे. त्यामुळे जुलै १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला, या घटनेकडेही मला जरा वरूनच, म्हणजे चंद्रापासून सुमारे शंभर किलोमीटर उंचीवरूनच, बघावंसं वाटतं. कारण तिथे मायकेल कॉलिन्स सामानापाशी बसला होता.

आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन ही नावं कुणालाही विचारा, घडाघडा येतात. तिसरं विचारलं की माणसं छताकडे बघतात. एका परीने दिशा बरोबरच असते म्हणा! ऑक्टोबर १९६९ मध्ये हे तिघंही जगाच्या दौऱ्यात आपल्या मुंबईला येऊन गेले होते. तरीही इथे तिसऱ्याचं नाव आठवायला तेवढाच वेळ लागतो.

आता कुणी विचारील, तिघं गेले होते तर तिघांनी उतरायला काय हरकत होती? केनेडीसाहेबांनी १९६१ साली 'दशक संपायच्या आत माणूस चंद्रावर' असं जाहीर करून टाकलं आणि इंजिनियरांची झोप उडाली. अख्खं यान चंद्रावर उतरवायचं, तर परतीचं इंधनही खाली न्यायचं आणि पुन्हा वर उचलायचं. तेवढा बोजा पृथ्वीवरून उडवायला भलतंच अवाढव्य रॉकेट लागलं असतं. नासामधला जॉन हूबोल्ट नावाचा इंजिनियर मात्र सांगत राहिला, की जड यान चंद्राभोवती फिरत ठेवा आणि हलकं यान घेऊन खाली जा. म्हणजे स्टेशनवरच्या क्लोकरूममध्ये ट्रंक ठेवून हातातल्या पिशवीनिशी गाव बघून यायचं! कुणी ऐकेना, तेव्हा त्याने मधल्या साऱ्या वरिष्ठांना ओलांडून थेट वरच्या साहेबांना पत्र लिहिलं. सरकारी नोकरीत हे धाडस चंद्रावर जाण्यापेक्षा फारसं कमी नाही. १९६२ साली त्याची योजना मान्य झाली आणि त्याच क्षणी, कुणीतरी ट्रंकेपाशी बसायचं, हेही ठरून गेलं.

आणि ही ट्रंक साधी नव्हती. खाली उतरणारं 'ईगल' हलकं करता करता त्याच्या भिंती इतक्या पातळ झाल्या होत्या, की पृथ्वीच्या वातावरणातून परत येणं त्याला शक्यच नव्हतं. ती धग सोसणारं कवच फक्त कॉलिन्सच्या 'कोलंबिया'ला होतं. चंद्रावर पाऊल कुणीही ठेवो, घरी यायचं तर कॉलिन्सच्याच दारातून.

असा हा द्वारपाल २८ तासांच्या आसपास एकटा घिरट्या घालत होता. एका फेरीला दोन तास. त्यातली ४८ मिनिटं चंद्राच्या पाठीमागे, म्हणजे ह्यूस्टनच्या हेड ऑफिसचा आवाजही पोचू नये अशा जागी. जगाने त्याच्याबद्दल फार हळहळ व्यक्त केली. त्याने मात्र पुढे आपल्या पुस्तकात लिहिलं, की त्या वेळी आपल्याला अगदी समाधान वाटत होतं. मला यात काहीच नवल वाटत नाही. दर दोन तासांनी ४८ मिनिटं कुणी हाक मारणार नाही, हे सुख संसारी माणसाच्या वाट्याला पृथ्वीवर तरी कुठे येतं?

प्रत्येक फेरीत तो सेक्स्टंटला डोळा लावून खाली 'ईगल' कुठे दिसतंय का ते शोधत होता. शेवटपर्यंत सापडलं नाही. पण त्याची खरी काळजी वेगळीच होती. खालच्या दोघांना वर आणणारं इंजिन एकच होतं, आणि ते पेटलं नाही तर दुसरं नव्हतं. त्यातच ते इंजिन चालू करण्यासाठी लागणाऱ्या एका खटक्याचं टोक तुटलं. ऑल्ड्रिनने तो शेवटी फेल्ट पेनाने आत दाबला. दोघं अर्धवट उंचीवर अडकले, तर त्यांना कसं गाठायचं याच्या १८ तऱ्हा कॉलिन्सने वहीत लिहून घेतल्या होत्या. पण ते चंद्रावरच राहिले तर काय, याची तऱ्हा त्या वहीत नव्हती. 'कोलंबिया' खाली उतरू शकत नव्हतं. आपण एकटेच परत जाऊ, ही भीती त्याने सहा महिने कुणालाही न सांगता बाळगली होती. तसं झालं तर जीव द्यायचा नाही, सरळ घरी जायचं, हेही त्याने मनाशी ठरवून ठेवलं होतं.

अमेरिकन सरकारही बेसावध नव्हतं. विल्यम सफायर या लेखनिकाने १८ जुलैलाच राष्ट्राध्यक्ष निक्सनसाठी एक शोकाचं भाषण तयार करून ठेवलं होतं. आधी दोघांच्या बायकांना फोन करायचा, मग हे वाचायचं, अशी सूचनाही सोबत होती. भाषणात आर्मस्ट्राँगचं नाव आहे, ऑल्ड्रिनचं आहे. कॉलिन्सचं नाही. मेलेल्यांसाठी शब्द तयार होते. परत येऊन त्या दोन घरांसमोर जन्मभर तोंड दाखवायचं होतं त्याच्यासाठी कुणाला एक वाक्य सुचलं नव्हतं.

सुदैवाने इंजिन पेटलं. २१ जुलैला 'ईगल' वर येऊन 'कोलंबिया'ला जोडलं गेलं, मधलं दार उघडलं आणि चंद्राच्या धुळीने माखलेला ऑल्ड्रिन हसत हसत आत आला. कॉलिन्सने त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं. उनाडून घरी आलेल्या पोराचा आई घेते तसा तो त्याच्या कपाळाचा मुका घेणार, एवढ्यात त्याला लाज वाटली आणि त्याने नुसता हात हातात घेतला. मग आर्मस्ट्राँगचा घेतला. आणि घरी परतायच्या तयारीला लागला.